माळ्यावरचा बेंजो

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



मला भाषणाची सवय नाही. सातवी पास झाल्यावर चार माणसांपुढे उभी राहून बोलण्याचा हा पहिलाच प्रसंग. चिटणीसबाई म्हणाल्या, "तुम्ही तुमच्या बेंजोबद्दलच सांगा," म्हणून उभी आहे. मागल्या एकादशीला केदारेश्वराच्या देवळात आपल्या भजनात मी बेंजो वाजवला आणि त्यावरून गावात बरीच कुजबूज झाली. वरातीतले वाद्य देवापुढे आणले, आणि तेही बाईने, असे कित्येकांचे म्हणणे पडले. नळावर जे बोलणे होते ते इथे समोरासमोर झालेले बरे.

हा बेंजो माझ्या धाकट्या दिरांचा. भाऊजी पंधरा वर्षे बेंजो पार्टीत होते. तुळशीचे लग्न लागले की त्यांच्या सुपाऱ्या सुरू व्हायच्या, त्या पाऊस येईपर्यंत. आज परळी, उद्या गंगाखेड, परवा अहमदपूर. नवरदेवाच्या घोड्यापुढे टेम्पोत बसून ते वाजवत आणि पुढे पोरे नाचत. पुढे डीजे आला. एका माणसाने बटन दाबले की झाले, तिथे सात जणांच्या पार्टीला कोण पैसे देणार? एका हंगामात दोनच सुपाऱ्या आल्या. त्या दिवाळीला भाऊजींनी मुकादमाकडून उचल घेतली आणि जाऊबाईंना घेऊन कोयत्यावर गेले. जाताना बेंजो जुन्या धोतरात गुंडाळून माझ्या हाती दिला. "वहिनी, उंदरापासून सांभाळा," एवढेच म्हणाले. मी तो माळ्यावर ठेवला.

तिसऱ्या पावसाळ्यात माळा आवरताना तो खाली काढला. धोतर उंदरांनी कुरतडलेच होते. तारांना गंज, चार बटने अडकलेली. पुसता पुसता बोट लागले आणि तार वाजली. त्या आवाजाने मला काय झाले ते सांगता यायचे नाही. दुपारभर मी तिथेच बसून राहिले आणि संध्याकाळचा चहा उशिरा झाला.

ज्यांनी हे वाद्य जवळून पाहिले नाही त्यांच्यासाठी सांगते. लांबट लाकडी पेटी असते. तिच्यावर लोखंडी तारा ताणलेल्या. तारांवर बटनांची रांग, जुन्या टायपिंगच्या यंत्रासारखी. डाव्या हाताने बटन दाबले की ते तारेला खालच्या पट्टीवर टेकवते आणि तेवढी तार आखूड होऊन स्वर बदलतो. उजव्या हातात नखी धरून तार छेडायची. बाजूच्या तारा एकच स्वर धरून राहतात, भजनात वीणेकऱ्याची वीणा राहते तशा. सतारीला वर्षे लागतात म्हणतात, पण यावर महिन्याभरात आरती निघते. माझी दीड महिन्यात निघाली.

माझी लेक अंबाजोगाईला कॉलेजात आहे. तिला म्हटले, तुझ्या मोबाईलवर बेंजो शिकवणारा कोणी असेल तर बघ. तिने शोधले तर भलतेच निघाले. टोप्या घातलेले गोरे लोक, आणि हातात डफाला लांब दांडी लावून वर तारा ओढाव्या तसले वाद्य! मी म्हटले, "अगं, हे काय? हा कुठला बेंजो?" लेक म्हणाली, "आई, खरा बेंजो हाच. आपला तो दुसराच." मग ती इंग्रजी वाचून सांगत गेली आणि मी वहीत उतरवत गेले. ती वही आज हातात आहे.

आपला बेंजो मुळात जपानचा. नागोया शहरात गोरो मोरिता नावाच्या गृहस्थांनी १९१२ साली तो काढला. तिकडे त्याला ताईशोगोतो म्हणतात, आपल्या देशात बुलबुलतरंग झाला, आणि लग्नाच्या पार्ट्यांनी त्याला बेंजो केले. अमेरिकेतला जो बेंजो, त्याचे मूळ आफ्रिकेत. तिथून गुलाम करून नेलेल्या माणसांनी परमुलखात वाळल्या भोपळ्यावर कातडे ताणून, दांडी बसवून तो बनवला. भोपळ्याचे ऐकून मला बरे वाटले. मिरजेचे तंबोरे पंढरपूरकडच्या भोपळ्यांचेच होतात.

त्या बेंजोभोवती तिकडे एक गाणे उभे राहिले, त्याला ब्लूग्रास म्हणतात. ब्लूग्रास हे गवताचे नाव. केंटकी राज्यात ते फार, म्हणून त्या राज्यालाच लोक त्या नावाने ओळखतात. आपण हरळीवरून गाण्याला नाव ठेवावे तसे झाले. फिडल म्हणजे आपले व्हायोलिन, मँडोलिन, बेंजो, गिटार आणि माणसाएवढे उंच बास, अशी पाच वाद्ये. ढोल नाही, ताशा नाही. पूर्वी सगळ्यांत मिळून एकच माईक असायचा, मग ज्याची पाळी तो पुढे सरायचा, वाजवायचा आणि दुसऱ्याला जागा द्यायचा. आपल्या भजनात हे जमले तर किती बरे होईल! आपल्यात पुढे सरतात, मागे कोणी सरत नाही. (रागावू नका.)

हे गाणे ज्यांनी घडवले ते बिल मन्रो. जन्म १९११ चा, केंटकीतल्या रोझिन गावाजवळचा. आठ भावंडांत शेंडेफळ. थोरल्या भावांनी फिडल आणि गिटार घेतली आणि याच्या वाट्याला उरलेले मँडोलिन आले. त्याला तारा आठ. भाऊ म्हणाले, तू फार मोठ्याने वाजवशील, चारच तारा ठेव. पोराने चार तारांवर वाजवले. आई दहाव्या वर्षी गेली, वडील सोळाव्या वर्षी. मग मामाने जवळ केले. मामा गावोगावच्या नाचाला फिडल वाजवायचे, त्यांच्या संगतीला हा जाऊ लागला. अर्नोल्ड शुल्ट्झ नावाचे एक काळे वादक होते, त्यांच्याकडूनही पुष्कळ घेतले. १९३९ साली नॅशव्हिल शहराच्या रेडिओवरच्या मोठ्या कार्यक्रमात मन्रोंना जागा मिळाली. १९९६ साली वारले, त्या शेवटच्या वर्षापर्यंत वाजवत होते.

चार तारांची गोष्ट ऐकली तेव्हा मी लेकीला थांबवले आणि उठून पाणी प्यायले. माझ्या घरीही आधी हेच झाले. सासूबाई म्हणाल्या, "वाजव, पण वाड्याबाहेर ऐकू जाता कामा नये." म्हणून मी तारांखाली पातळाचा तुकडा सारायची आणि सगळे रानात गेल्यावर वाजवायची. टिकटिक एवढेच ऐकू यायचे. आठ महिने मी असे वाजवले. सासूबाईंना दोष देत नाही. त्यांच्या काळी बाईच्या हातात टाळ दिला तरी पुष्कळ झाले, असे होते.

मन्रोंच्या मेळात १९४५ च्या डिसेंबरात अर्ल स्क्रग्ज नावाचा तरुण आला. बाप लहानपणीच गेलेला, सुताच्या गिरणीत काम केलेला. तीन बोटांनी बेंजो असा वाजवायचा की जोंधळा पाखडताना दाणे सुपात पडावेत. पुढे त्याने आणि लेस्टर फ्लॅट या गड्याने वेगळा मेळ काढला. त्यांच्या सुपाऱ्या, हिशेब, बोलणी हे सगळे स्क्रग्जची बायको लुईझ बघायची. त्या धंद्यात तेव्हा बाई नव्हती. आमच्या पार्टीचा हिशेब जाऊबाईंनी बघितला असता तर थकलेले पैसे तरी वसूल झाले असते, असे मला राहून राहून वाटते.

आणि एक हेझल डिकन्स. ही वेस्ट व्हर्जिनियाची. घरात गरिबी, भाऊ कोळशाच्या खाणीत. पोटासाठी गाव सोडून बाल्टिमोर शहरी आली, कारखान्यांत राबली. १९६५ साली ॲलिस जेरार्ड नावाच्या मैत्रिणीबरोबर तिने रेकॉर्ड काढली. दोन बायकांनी पुढे होऊन ब्लूग्रास गाणे तोवर फारसे कोणी ऐकले नव्हते. खाणीच्या धुळीने छातीचा रोग होऊन तिचा भाऊ गेला, त्यावर तिने गाणे केले आणि ते खाणमजुरांच्या सभांत गायिले. २०११ साली ती वारली. आपल्या जिल्ह्यातून दरवर्षी किती बाया कोयत्यावर जातात! त्यांची गाणी कोणी लिहून घेते का?

आता देवळाचे. मागल्या एकादशीला आपले पेटीवाले आले नाहीत. हे पहिल्यांदाच झाले असे नाही, पण ते असो. बिनपेटीचे भजन उतरत गेले, म्हणून मी घरून बेंजो आणला. वरातीतले वाद्य म्हणून ज्यांना विटाळ वाटला त्यांना माझे विचारणे आहे की, पेटी तरी कुठली? तीही साहेबाच्या मुलखातून आलेली. आकाशवाणीवर १९४० पासून तिला बंदी होती, ती १९७१ साली सैल झाली. आज पेटीवाचून आपले पान हलत नाही. आणि बाईने वाजवू नये म्हणाल, तर सरस्वतीच्या हातात काय आहे?

दिवाळीला भाऊजी घरी आले होते. मी वाजवत होते आणि ते उंबऱ्यात कधी येऊन उभे राहिले ते कळले नाही. काही बोलले नाहीत. जवळ बसले आणि माझा उजवा हात मनगटाला धरून सैल केला. "वहिनी, नखी दाबून धरू नका. आवाज मोकळा येऊ द्या." मग तारांखालचा पातळाचा तुकडा ओढून काढला आणि खिशात घातला. सासूबाई ओसरीवर गहू निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही, पण नंतर म्हणाल्या, "ती परवाची आरती पुन्हा वाजव."

मंडळाला माझी विनंती अशी की, एकादशीच्या भजनात बेंजो असावा की नसावा हे आजच ठरवावे. नको ठरले तर मी घरी वाजवीन. हवा ठरला तर पेटीवाल्यांसारखी बिदागी मला नको, फक्त तारांचे पैसे मंडळाने द्यावेत, कारण त्या फार तुटतात. दोन मुली गुरुवारी दुपारी माझ्याकडे शिकायला येतात. आणखी कोणी आले तर जागा आहे. नखी आणायला नको, जुन्या प्लॅस्टिकच्या डब्याचे झाकण कापून मी पुष्कळ करून ठेवल्या आहेत.

बेंजो मागे बाकावर आहे. एक तार सकाळीच तुटली. बाकीच्यांवर वाजवते.