ग्लिसरीन आणि टाचांच्या भेगा



थंडीत टाचा उलल्या की घरोघर ग्लिसरीनची बाटली निघते. शेले या रसायनशास्त्रज्ञाने हा गोडसर, दाट पदार्थ १७७९ साली ऑलिव्हच्या तेलापासून वेगळा काढला. पाणी ओढून धरणे हा त्याचा गुण. पण कोरड्या हवेत नुसतेच चोळाल, तर ते पाणी ओढणार कुठून? तुमच्याच कातडीतून! म्हणून पाय धुवा, ओले असतानाच एक भाग ग्लिसरीनमध्ये दोन भाग पाणी घालून लावा, वर थोडे खोबरेल. भेग चिघळली असेल, किंवा मधुमेह असेल, तर आधी डॉक्टर.

आणि गुरुजी, विहिरीत टाकायची ती जांभळी पूड, पोटॅशियम परमँगनेट, शाळेच्या कपाटात असते ना? तिच्याशेजारी ही बाटली नको. दोन्ही एकत्र सांडली, तर काडी न लावता पेट घेतात.