हाताची पारख आणि कानाची पारख



भांड्यांच्या दुकानात तांब्या घेताना जाणते गिऱ्हाईक तो प्रथम हातात तोलते आणि मग बोटाने वाजवून पाहते. जड तो टिकाऊ, हा आपला पिढ्यान् पिढ्यांचा ठोकताळा. उंची हेडफोन घेतानाही आपण नकळत तोच लावतो. धातूचा थंड स्पर्श झाला, बिजागरी अलगद मिटली, वजन हाताला जाणवले, की किंमत पटते. प्लॅस्टिक दिसले, की मन कचरते. ही पारख कितपत खरी?

तांब्या हाताने धरावयाचा असतो. हेडफोन मस्तकावर वाहावयाचा असतो. दुकानात भारदस्त वाटणारे वजन दोन तासांनी टाळूला भार होऊन बसते. ॲपल कंपनीने २०२० साली काढलेल्या एअरपॉड्स मॅक्सची चौकट पोलादी आणि कानांवरील वाट्या ॲल्युमिनियमच्या, वजन ३८४.८ ग्रॅम. हा भार विभागला जावा म्हणून डोक्यावरील पट्टीस विणलेल्या जाळीचे छत दिलेले आहे. याउलट जर्मनीच्या सेनहायझर कंपनीचा १९९७ सालचा एचडी ६०० बहुतांशी प्लॅस्टिकचा, सुमारे २६० ग्रॅमचा. हाताला तो साधा भासतो. परंतु तासन् तास ऐकणाऱ्यांनी त्याचीच वाखाणणी केली.

याचा अर्थ स्पर्श ही निव्वळ चैनीची बाब आहे, असा मात्र नव्हे. बंद वाट्यांच्या हेडफोनात गादी कानाभोवती नीट बसली नाही, तर फटीतून हवा निसटते आणि खर्जाचे स्वर क्षीण होतात. चष्म्याची काडी आड आली, तरी डग्ग्याचा घुमारा उणावतो. पकड सैल असेल तर नाद गळतो. घट्ट असेल तर कानशिले दुखतात. म्हणजे गादीचा मऊपणा आणि पट्टीचा ताण हे नादाचेच घटक होत.

आता टिकाऊपणा. धातू सहसा दगा देत नाही. दगा देते ते गादीवरील कृत्रिम चामडे. गोव्यासारख्या दमट प्रदेशात हवेतील ओलाव्याने पॉलियुरेथेनचे विघटन होते आणि त्याची सोलपटे निघू लागतात. बिनतारी हेडफोनात तर पोलादी चौकट अभंग राहते आणि आतील बॅटरी वृद्ध होते. यास्तव खरा प्रश्न असा, की जे झिजणार ते बदलता येते काय? एचडी ६०० ची गादी आणि तार कोणत्याही हत्याराविना हातानेच बदलता येते. जतन करण्याजोगी घडण ती हीच.

तेव्हा पैसे मोजण्यापूर्वी हेडफोन निदान अर्धा तास डोक्यावर ठेवावा. चष्मा असल्यास तो लावूनच. मान वळवून पाहावी, आणि सुट्या भागांची चौकशी करावी. हाताने दिलेला कौल पहिला खरा. परंतु अखेरचा निकाल कानाचा आणि काळाचा.