चांगुलपणाला कसबाची जोड



दवाखान्यातल्या माणसांविषयी बोलताना आपण पहिल्यांदा विचारतो, 'माणूस कसा आहे?' गोड बोलतो, हाकेला धावतो, म्हणजे चांगला. ही कसोटी खोटी नाही. पण ती अपुरी आहे. कशी, ते मला माझ्याच फजितीतून कळले.

सुटीत मी गावी गेलो होतो. बहीण नऊ महिने पुऱ्या झालेल्या मुलीला घेऊन माहेरी आली होती. अंगणवाडीत लसीकरण होते. जेवणखाण उरकून आम्ही पोहोचलो, तेव्हा पावणेदोन वाजले होते. गोवर-रुबेलाच्या लशीची कुपी समोरच होती, निम्मी भरलेली. पण आरोग्यसेविका म्हणाल्या, "सर, ही आता टोचता येणार नाही. साडेनऊला फोडली आहे. दुसरी कुपी उरलेली नाही."

मी चिडलो. औषध डोळ्यांसमोर आहे आणि बाई नाही म्हणतात! चार शब्द सुनावलेही. त्यांनी शांतपणे कुपीवर लिहिलेली वेळ दाखवली.

त्यांचेच बरोबर होते. ही लस कोरड्या भुकटीच्या रूपात येते. सोबतचे द्रावण घातल्यावर तिच्यात जंतूंना आवर घालणारे काही नसते. चुकून जंतू शिरले तर ते वाढतात आणि तीच सुई बाळाच्या जिवावर बेतू शकते. म्हणून द्रावण घातल्यापासून चार तासांनंतर ती टाकून द्यायची, असा आपल्याकडे नियम आहे. मला खूश करायला बाईंनी लस टोचली असती, तर मी त्यांना चांगले म्हटले असते. पण त्यांचा खरा चांगुलपणा त्या नकारात होता.

असे कसब बारीकसारीक गोष्टींत असते. लस २ ते ८ अंश सेल्सियसमध्ये राहावी लागते. पण गार म्हणजे चांगलीच, असेही नाही. धनुर्वाताची किंवा पेंटाव्हॅलंट लस गोठली, तर तिचा गुण जातो. म्हणून जाणती आरोग्यसेविका फ्रीझरमधल्या बर्फाच्या पट्ट्या तशाच डब्यात ठेवत नाही. त्यांना घाम फुटू देते, कानाशी हलवून आत पाणी खुळखुळते का ते ऐकते. हे चुकले, तर कार्डावर खूण होते आणि बाळ मात्र उघडेच राहते! रडत नाही, तक्रार करीत नाही. म्हणून ही चूक कोणाच्या ध्यानातही येत नाही.

आता वरिष्ठांचे काय? आमची मुलगी परत गेली, हे त्याच संध्याकाळी वैद्यकीय अधिकाऱ्यांना कळले. 'कुपी वाया का गेली? मूल का सुटले?' असे दरडावून ते मोकळे झाले असते, तर पुढच्या वेळी बाईंनी घड्याळाकडे काणाडोळा केला असता. माणसे दटावणीने चूक टाळत नाहीत, लपवतात. या डॉक्टरांनी यादी मागवली. मुलगी पाहुणी होती, तिचे नाव आशाताईंकडे नव्हते. म्हणून कुपी कमी आली. चौथ्या दिवशी शेजारच्या गावच्या सत्रात तिला लस मिळाली आणि माहेरवाशिणींची मुले यादीत घ्यायची, असे ठरले. चूक माणसात न शोधता कामाच्या मांडणीत शोधणे, हेच व्यवस्थापकाचे कसब.

आणि आपले? आम्ही आशाताईंना आधी सांगितले नाही, उशिराही गेलो. शिक्षकमित्रांनो, शाळेत लसीकरण असेल तेव्हा मुलांसमोर एवढे जरूर विचारा, 'ताई, कुपी कधी फोडली?' जाणत्या माणसाला या प्रश्नाचा राग येत नाही; उलट, आपल्या कामाची कोणी कदर केली, असे वाटते.

त्या बाईंची मी दुसऱ्या दिवशी क्षमा मागितली. त्या हसल्या. म्हणाल्या, "सर, रोज कुणीतरी रागावतंच. बाळ बरं राहिलं म्हणजे झालं."