मागावरची कार्डे आणि पडद्यावरचे चित्र

येवल्याच्या पैठणीची कीर्ती आपण सारेच जाणता. आज या गावच्या मागाच्या आधाराने मी आपल्याला एका नव्या यंत्राची ओळख करून देणार आहे.

पदरावरचा मोर हाताने कांड्या फिरवून विणायचा, तर धाग्यांची मोजदाद विणकराच्या डोक्यात असावी लागते. जॅकार्डच्या मागात ती पुठ्ठ्याच्या कार्डांवर उतरते. भोक असेल तेथला उभा धागा उचलला जातो, नसेल तेथला खाली राहतो. फ्रान्समधल्या जाकारने १८०४ साली ही युक्ती सिद्ध केली. तिची थोरवी कशात? नक्षी बदलायला माग मोडावा लागत नाही. कार्डांची माळ बदलली की झालं!

चलच्चित्राचा प्रोसेसर याच जातीचा. पडद्यावरचे चित्र म्हणजे ठिपक्यांची वीणच. ६२५ ओळींच्या दूरचित्रवाणीचे एक चित्र अंकांत मांडले, तर ७२० गुणिले ५७६, म्हणजे ४,१४,७२० ठिपके होतात; आणि अशी चित्रे सेकंदाला २५! एकेका चित्राचा हिशेब सेकंदाच्या पंचविसाव्या भागात पुरा झालाच पाहिजे. विणकर घटकाभर थांबून चहा घेईल. इथं ती सवलत नाही.

एकाच कामासाठी पक्की जोडणी केली तर वेग मिळतो खरा. पण चित्र साठवण्याची रीत बदलली, की यंत्र अडगळीत. २००३ साली एच.२६४ ही नवी रीत आली. आज्ञावली बदलता येणारा प्रोसेसर असेल, तर अंगात तेवढा वेग असेतो तो नवी रीतही शिकतो.

पण नुसते बळ पुरत नाही, बरं का. १९९४ च्या सुमारास टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने एकाच चिपमध्ये पाच प्रोसेसर बसवले. त्यांना एकदम कामाला जुंपणे मोठे जिकिरीचे! पुरा वेग हवा, तर यंत्राच्याच भाषेत एकेक आज्ञा लिहावी लागे. कागदावरची नक्षी कार्डांत उतरवणारा कारागीर नसेल, तर जॅकार्ड काय कामाचा? प्रोसेसरसाठी ते काम कंपायलर करतो. आणि चित्र वेळेत पुरे होईल की नाही, हे सिम्युलेटर आधीच दाखवतो.

माग विकत मिळतो. कार्डे पाडण्याची विद्या हाती नसली, तर मात्र दुसऱ्याचीच नक्षी विणत बसावे लागते. माझ्या वर्गात मागावरून उठून आलेली मुले-मुली असतात. गणित आपल्यासाठी नाही, असे त्यांना वाटते. त्यांना मी एवढेच सांगतो : धागे मोजून मोर उभा करता, ती आज्ञावलीच आहे. आता ती लिहायला शिका.