जखम भरली, हात गारठला
(जिल्हा बैठकीतील भाषण)



भाव, कर्ज आणि वीजबिल यांवर आपण दर बैठकीत बोलतो. आज आम्ही हाताविषयी बोलणार आहोत. आमच्यापैकी कोणाचा हात कडबाकुट्टीत सापडला, कोणाचा मळणीयंत्रात, कोणाची बोटे इंजिनच्या पट्ट्यात गेली. टाके निघाले, जखम भरली, दवाखान्याने घरी पाठवले. गाव म्हणाले, थोडक्यात निभावले. खरे दुखणे सुरू झाले ते दिवाळीनंतर.

पौषात रात्री गव्हाची दारे धरायला गेलो. पाण्यात हात गेला आणि कळ थेट कोपरापर्यंत चढली. बोटे आधी पांढरीफटक पडली, मग निळसर झाली. खोऱ्याचा दांडा धरवेना. घरी येऊन हात घोंगडीत घेतला तरी ऊब लवकर येईना. घरची माणसे विचारू लागली, जखम तर भरली, आता काय झाले? आम्हाला उत्तर देता आले नाही. अंगचोर हा शिक्का मात्र बसला.

मंडळी, हे सोंग नव्हे. हाताच्या डॉक्टरांना हे दुखणे चांगले ठाऊक आहे. थंडी लागली की बोटांच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि ऊब मिळाली की सैल होतात. हे काम नसांच्या हुकमाने चालते. नस तुटली, चिरडली किंवा रक्तवाहिनी फाटली की हा हुकूम बिघडतो. वाहिन्या जास्त आकसतात आणि उशिरा मोकळ्या होतात. म्हणून बोट तुटलेल्याला, नस शिवलेल्याला, तुटलेले बोट पुन्हा जोडलेल्याला हा त्रास होतो. काहींचा तो दोन-तीन वर्षांत कमी होतो, काहींचा कायम राहतो.

मग करायचे काय? अनुभवाने आणि डॉक्टरांना विचारून जे कळले ते सांगतो. हात गारठल्यावर शेकण्यापेक्षा तो गारठूच न देणे बरे. बाहेर पडण्याआधी हातमोजा घाला. बोटे वेगळी नसलेला, पिशवीसारखा मोजा जास्त ऊब देतो. ओल्या कामाला वरून रबरी मोजा चढवा. नुसता हात झाकून भागत नाही. कानटोपी आणि स्वेटर हवाच, कारण अंग गारठले की शरीर आधी बोटांचे रक्त तोडते. विडी आणि तंबाखू सोडा. तंबाखूने रक्तवाहिन्या आणखी आकसतात. आणि एक गोष्ट विसरू नका. ज्या बोटाला स्पर्श कळत नाही त्याला चटकाही कळत नाही. असा हात शेकोटीवर धरू नका. पाणी किती गरम आहे ते चांगल्या हाताने बघा. बोट काळे पडले, जखम चिघळली किंवा पांढरेपणा जाईना, तर थेट दवाखाना गाठा.

आता हिशेबाचे बोलू. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या परिशिष्टात अंगांचे दर छापले होते: अंगठा गेला तर कमाईची ताकद ३० टक्के घटली, एका हाताची दोन बोटे गेली तर २० टक्के, चारही गेली तर ५० टक्के. त्या यादीत गारठ्याला ओळ नव्हती. आणि स्वतःच्या शेतात स्वतः राबणारा कोणाचा कामगार? तो त्या यादीतही बसत नव्हता. शेतकऱ्यासाठी राज्य सरकारची गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची अपघात योजना आहे. तीत एक अवयव निकामी झाला तर एक लाख रुपये मिळतात. पण हात जागेवर आहे आणि चार महिने चालत नाही, त्याने कागदावर काय दाखवायचे?

मळणीयंत्रावर संरक्षण असावे म्हणून संसदेने १९८३ सालीच धोकादायक यंत्रांचा कायदा केला. तरीही आमचे हात गेले. ज्या गावांना अजून रात्रीच वीज मिळते, तिथे तोच अधू हात पौषाच्या पाण्यात घालावा लागतो. ज्याला ते जमत नाही तो मजूर लावतो. त्या रात्रीची मजुरी गव्हाच्या उत्पादन खर्चात कोण धरतो? गहू पिकवायला धान्याइतकीच बोटेही लागतात, हे भाव ठरवणाऱ्यांच्या हिशेबात कुठेच दिसत नाही.

म्हणून तीन गोष्टी मागतो. रब्बीच्या पाण्याला दिवसा वीज. विकल्या जाणाऱ्या प्रत्येक कुट्टी आणि मळणीयंत्राला झाकण आणि हाताशी बंद करायचा खटका. आणि अपंगत्वाचा दाखला देताना थंडीत हात किती चालतो याची तपासणी.

चौथी मागणी सरकारकडे नाही, तुमच्याकडे आहे. या हिवाळ्यात आपल्या गावात अशी माणसे किती आहेत ते विचारा, यादी करा आणि पुढच्या बैठकीला घेऊन या. आणि त्यांच्यापैकी कोणी पहाटे खिशातून हात काढला नाही, तर त्याला अंगचोर म्हणू नका. त्याचे दारे त्या रात्री तुम्ही धरा.