फरशीचे आयुष्य, कारागिराचा शब्द



सुवर्णमहोत्सव आला की जुन्या सभागृहांच्या व धर्मशाळांच्या नूतनीकरणाचा विषय निघतो, आणि पहिली कुऱ्हाड कोसळते ती मोझॅकच्या फरशीवर. काळवंडली म्हणून ती उखडली जाते. वास्तविक अनेकदा तिला हवी असते केवळ जाणत्या हाताची घासाई. त्या हातांचा व्यवसाय हाच या व्याख्यानाचा विषय होय.

मोझॅक म्हणजे सिमेंटमध्ये संगमरवराची खडी बसवून घडविलेले शोभिवंत काँक्रीट. स्वदेशीच्या भावनेने फेरोजशा सिधवा यांनी १९२२ साली सिमेंटच्या लाद्यांचा उद्योग उभारला. पुढे अशा लाद्या घरोघरी, शाळांत व देवालयांत पोहोचल्या.

फरशीला पुन्हा झळाळी आणण्याचे काम क्रमाने चालते. प्रथम तडे व छिद्रे रंग मिसळलेल्या सिमेंटने भरावयाची. ओला रंग वाळल्यावर फिका पडतो. म्हणून जाणता कारागीर आधी नमुना वाळवून पाहतो. सिमेंट पक्के झाल्यावर पाणी सोडून जाड दगडाने, मग मध्यम व शेवटी बारीक दगडाने घासाई होते. अखेरीस ऑक्झॅलिक अ‍ॅसिडची पूड व पाणी घालून पॉलिश केले जाते. शौचालयासाठीचे तीव्र अ‍ॅसिड मात्र फरशीवर कधीही ओतू नये. ते सिमेंट व संगमरवर दोन्ही खाते. फरशी खरखरीत होते व मळ अधिकच धरते.

येथे एक मर्म ध्यानात घ्यावे. मोझॅक लादीचा खडीचा थर साधारण ५ ते ६ मिलिमीटरचाच असतो. प्रत्येक घासाई त्यातील काही अंश कायमचा नेते. नक्षीच्या सिमेंट लादीचा रंगाचा थरही असाच मोजका. तिच्यावर जाड दगड फिरविला तर नक्षीच पुसली जाते.

घासाईचा दर चौरस फुटावर ठरतो. जितकी घासाई अधिक, तितकी कमाई अधिक. तरीही जो कारागीर एक कोपरा धुऊन दाखवितो आणि ‘हिला घासाई नको, धुणे पुरे’ असे सांगतो, तो त्या दिवसाची मजुरी गमावतो. पण पिढ्यान्‌पिढ्यांचे गिऱ्हाईक जोडतो. व्यापारात मुरलेल्या समाजाला या सचोटीचे मोल निराळे सांगावयास नको.

मालकाचेही कर्तव्य आहे. पाण्यात विजेचे यंत्र चालते. म्हणून पक्के अर्थिंग व सुरक्षित वायर यांची खात्री त्याने करावी. घासणीचा गाळ गटारात सोडू नये. तो तेथेच घट्ट बसतो. काम झाल्यावर रोज साध्या पाण्याने पुसणे पुरते.

उखडण्यापूर्वी एक कोपरा घासून पाहावा. पूर्वजांनी घातलेली फरशी अजून तेथेच असते, मळाखाली.