वेगाचा हिशेब जुन्या रुळांवर



अभियंत्यांच्या या परिषदेचं अध्यक्षपद तुम्ही मला दिलंत, तेही नाशिकमध्ये, याबद्दल मनापासून आभार. रेल्वेच्या वेगावर बोलायला ही जागा अगदी योग्य आहे. मुंबईहून इथे येणाऱ्याला वेग कुठे अडतो हे सांगावं लागत नाही. कसाऱ्याला गाडी थांबते, मागून बँकर इंजिनं येऊन लागतात, शेवटच्या डब्यातल्या माणसाला कपातला चहा सांभाळावा लागतो, आणि मग घाट सुरू होतो. सदतीस मीटर पुढे गेलं की एक मीटर वर, असा हा चढ. इगतपुरीला बँकर सुटतात. १८६५ साली या घाटातून गाड्या धावू लागल्या, तेव्हापासून सह्याद्री आपला टोल असा वसूल करतोय.

२०१९ पासून मुंबई-दिल्ली राजधानीला पुढे-मागे इंजिनं लावून हा थांबा टाळला गेला. छान झालं, पण इंजिन बदलून मिनिटं वाचतात. तास वाचवायचे तर वाटच नवी काढावी लागते. वेग दुप्पट केला, तर वळणाची त्रिज्या चौपट लागते, हे तुम्हाला मी सांगायला नको. म्हणून वेगवान रेल्वेचा पैसा गाडीपेक्षा पुलांत, बोगद्यांत आणि जमिनीत जास्त जातो. मुंबई-अहमदाबाद मार्ग ५०८ किलोमीटरचा. त्यात वांद्रे-कुर्ला संकुल ते शिळफाटा २१ किलोमीटरचा बोगदा आणि त्यातले सात किलोमीटर ठाणे खाडीखालून. प्रकल्पाचा मूळ अंदाजच १ लाख ८ हजार कोटींचा होता.

‘एवढ्या पैशात लोकल किती वाढल्या असत्या?’ असं लोक विचारतात. प्रश्न रास्त आहे, त्याची टिंगल करू नका. त्याचं उत्तर जपानकडे आहे. तोक्यो-ओसाका जुन्या मार्गावर गाड्यांची इतकी दाटी झाली, की आणखी गाडी घालायला जागा उरेना. म्हणून १९६४ साली शिंकान्सेन वेगळ्या रुळांवर सुरू झाली. जलद गाड्या तिकडे गेल्या आणि जुन्या मार्गाला श्वास घेता आला.

आपल्याकडे वेगाची चर्चा ताशी ३२० किलोमीटरवर सुरू होते आणि तिथेच संपते. माझं म्हणणं एवढंच, की वेगवान रेल्वेचा नफा जुन्या रुळांवर मोजा. मुंबई-नागपूर वेगवान मार्ग नाशिकवरून नेण्याचा प्रस्ताव आहे. तो झाल्यावर पंचवटी एक्सप्रेसच्या पासधारकाला काय मिळेल? कांद्याच्या मालगाडीला जलद गाडीसाठी बाजूला किती वेळ उभं राहावं लागेल? ७ ऑगस्ट २०२० ला देशातली पहिली किसान रेल देवळालीहून दानापूरला निघाली. तशा गाड्यांना रोजची वेळ मिळेल का? याची उत्तरं प्रकल्प अहवालाच्या परिशिष्टात नकोत, पहिल्या पानावर हवीत.

आणि जिथे जुने रूळच नाहीत तिथे? नाशिक आणि पुणे यांच्यामध्ये आजही थेट लोहमार्ग नाही. ताशी २०० किलोमीटर वेगाचा, सुमारे २३५ किलोमीटरचा मार्ग आखला गेला, सिन्नरकडे जमिनीची खरेदीखतं झाली, आणि मग खोडदच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीजवळून तो जाऊ नये असा आक्षेप पुढे आला. दुर्बीण जपलीच पाहिजे. पण तीस अँटेना आणि त्यातली प्रत्येक ४५ मीटर व्यासाची, हे काही रातोरात उगवलेलं नाही. आखणीच्या पहिल्या दिवशी शास्त्रज्ञाला आणि शेतकऱ्याला एकाच टेबलाशी बसवलं असतं, तर वर्षं वाचली असती. इंजिनाचा वेग वाढवण्याआधी आपल्या फायलीचा वेग आणि दिशा दोन्ही तपासाव्या लागतील.

तरुण मित्रांनो, एवढ्या मोठ्या देशाला वेगवान रेल्वे हवीच. पण उद्घाटनाच्या दिवशी नव्या गाडीला हिरवा झेंडा दाखवून झाला, की एकदा कसाऱ्याच्या फलाटावर जाऊन उभे राहा. तिथली गर्दी, तिथलं वेळापत्रक बदललं असेल, तरच पैसा कामी आला असं समजा.